सात टूलांची पुडी

"बाबा, आजपासून मी तुमची टूलं बघून देणार नाही."

लेक हे बोलली तेव्हा बस यायला अजून पाचेक मिनिटं होती. कोरडेमामांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या कानाच्या जरा पलीकडे पाहिलं. हल्ली त्यांना माणूस बघायचा तर असाच बघावा लागे.

"का? चावली का तुला माझी टूलं?"

"थट्टा नको. काल तुमचे तीन नग मी बाद केले. वरचा भाग ओरबाडल्यासारखा झाला होता. आणि रजिस्टरात कारण काय लिहिलं, तर ओतकामात भोक. खोटं लिहिलं मी, बाबा. सहा वर्षांत पहिल्यांदा."

"तीन नगांनी काय आभाळ कोसळलं?"

"तुम्ही सुपरवायझरना सांगा. नाहीतर मी सांगते."

"घरातली गोष्ट घरात राहू दे."

"मशीन घरात नाहीये," लेक म्हणाली, आणि बस आली. ती पुढे जाऊन बसली, मामा मागे बसले. बापलेकीत कोण जास्त हट्टी हे त्यांच्या घरात अजून ठरायचं आहे. मामांची बायको म्हणायची की ठरवायला बसले तर दोघंही जेवायला उठणार नाहीत.

कोरडेमामा हे नाव त्यांना कारखान्याने दिलेलं. खरं नाव हजेरीपटापुरतं. त्यांच्या लेथच्या आसपास ओलं म्हणून काही खपायचं नाही. ओला हात नको, ओली छत्री नको, धुतलेलं फडकं खडखडीत वाळल्याशिवाय नको. एकदा वरच्या ऑफिसातला एक इंजिनियर चहाचा पेला घेऊन लेथपाशी उभा राहिला, तर मामांनी त्याच्या हातातून पेला अलगद काढून घेतला, अंगणात नेऊन पायरीवर ठेवला आणि परत येऊन म्हणाले, "साहेब, तुमचा चहा बाहेर तुमची वाट बघतोय." दर शनिवारी ते आगीच्या बादल्यांमधली वाळू पत्र्यावर पसरून भट्टीच्या कडेला तापवायचे, चाळणीने चाळायचे, थंड झाली की पुन्हा भरून झाकणं लावायचे. सगळे हसायचे. वाळूचं वाळवण घालणारा माणूस कुणी पाहिलाय का? पण मामांना कोण काय म्हणणार.

त्याचं कारण ते कापत त्या धातूत होतं. मामा मॅग्नेशियम कापायचे. झाडं कापायच्या साखळी-करवतीच्या मोटारीवर जे कवच असतं, ते ओतून यायचं आणि मामांच्या लेथवर त्याचा आतला गोल तासला जायचा. दिवसभर करवत हातात धरून उभं राहणाऱ्याला वजन किती टोचतं हे त्यालाच विचारावं. ॲल्युमिनियमला आपण हलकं म्हणतो, हा धातू त्याच्याहूनही तिसऱ्या हिश्शाने हलका. आणि कापायला असा सरळ की चांगल्या धारेखाली साबणासारखा सुटतो. फक्त दोन गोष्टी त्याला खपत नाहीत. एक बोथट धार आणि दुसरं पाणी.

लेक शाळेत असताना एक दिवस डोळे चमकवत घरी आली होती. प्रयोगशाळेत बाईंनी चिमट्यात रुपेरी फीत धरून पेटवली होती आणि सगळ्यांना बजावलं होतं की तिच्याकडे सरळ बघू नका. "बाबा, तुम्ही तेच कापता? मग तुमचं मशीन पेटत का नाही?" मामांनी तिला अंगणात नेऊन एक लाकडाचा ओंडका आणि मूठभर रंध्याचा भुगा दाखवला होता. ओंडक्याला काडी लाव, काडी विझेल. भुग्याला लाव, मग बघ. जाड ठोकळ्यात उष्णता पसरून जाते, बारीक किसात तिला जायला जागाच नसते. म्हणून कीस जाड निघाला पाहिजे, टूल, म्हणजे कापणारं पातं, धारेचं पाहिजे, ते धातूवर घासत बसता कामा नये. आणि पेटलाच तर पाणी नाही. हा धातू पेटलेला असताना पाण्यातूनही जाळायला काहीतरी ओढून घेतो आणि मग आग राहत नाही, स्फोट होतो. लाल सिलिंडरमधल्या गॅसनेही तो विझत नाही. त्याला फक्त कोरडी वाळू पांघरायची आणि गप्प बसायचं.

त्या दिवसापासून लेकीचं ठरलं. पुढे ती शिकली आणि त्याच कारखान्यात तपासनीस म्हणून लागली. काचेच्या केबिनमध्ये भिंगाखाली नग तपासायची. बापाचे नगही तपासायची आणि त्यातही चूक काढायची. मामा वरवर चिडायचे, आतून फुगायचे.

आठ महिन्यांपूर्वी मामांच्या डोळ्यांसमोर मधोमध एक डाग आला. आधी चष्मा पुसून पाहिला. मग डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागचा पडदा झिजलाय, वयाने होतं, वाढणार नाही म्हणून प्रयत्न करू, पण गेलं ते परत येत नाही. मामांना मात्र तिसाव्या वर्षी पाहिलेली पहिली आग आठवली. तेव्हा ते वेड्यासारखे त्या पांढऱ्या उजेडाकडे बघत उभे राहिले होते. डॉक्टरांना त्यांनी ते सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? आता कडा दिसायच्या, मधलं दिसायचं नाही. घड्याळाचे आकडे दिसत, काटे नाहीत.

हे कारखान्यात कळलं असतं तर त्याच दिवशी मशीनवरून उतरवलं असतं. निवृत्तीला तीन वर्षं होती, आणि लेथवर उभं राहिल्याशिवाय मामांना आपण कोण हेच सांगता आलं नसतं. म्हणून लेकीने आणि त्यांनी मिळून एक पद्धत बसवली. संध्याकाळी मामा सात टूलं घासून तिच्या खणात ठेवायचे. सकाळी भोंग्याआधी ती भिंगाखाली एकेकाचं टोक बघायची. धार आहे की नाही ते मामा अंगठ्याच्या नखावर पारखू शकत. पण टोकाला केसाएवढा टवका उडालेला असला तर तो नखाला कळत नाही, डोळ्यालाच दिसतो. टवका असलेलं ती बाजूला काढायची, दुसरं घासून घ्यायची, सगळी कागदात गुंडाळायची आणि मोठ्याने म्हणायची, "बाबा, डबा विसरलात." बाकीच्यांना वाटे, काय काळजी घेते पोरगी.

त्या दिवशी लेक "डबा" म्हणाली नाही.

मामा तिच्या केबिनवरून दोनदा गेले. एकदा हातरुमाल आणायला, एकदा कारण नसताना. तिने मान वर केली की नाही हे त्यांना दिसलं नाही, कारण बरोबर तिच्या चेहऱ्यावरच डाग होता. मागायला एक शब्द पुरला असता. तो शब्द काही मामांच्या तोंडातून निघाला नाही. सहा वर्षांची नोकरी आणि मला शिकवते, असं मनात म्हणत ते परत आले आणि मशीनखालची जुनी टूलांची पेटी उघडली. नखावर चार-पाच टूलं घासून पाहिली. एक चांगलं चावलं. तेच लावलं.

शेजारच्या लेथवर रेडिओ होता. म्हणजे माणूसच, पण सकाळी सुरू झाला की संध्याकाळीच बंद व्हायचा. आज तो आपल्या मेहुण्याच्या मोटारसायकलची कथा सांगत होता. मध्येच उठून पार्टिशनमागच्या ग्राइंडरवर आपलं टूल घासून आला, येताना दार लोटायला विसरला, आणि कथा सोडली होती तिथून पुन्हा सुरू केली. मामा हं हं करत होते. त्यांचे कान मात्र मशीनवर होते.

साडेअकराच्या सुमाराला आवाज बदलला.

चांगलं टूल मॅग्नेशियमवर चाललं की सर्र सर्र असा मऊ आवाज येतो. त्या आवाजात आता एक बारीक शीळ मिसळली होती. रेडिओला ती ऐकू आली नाही. मामांना आली. शीळ म्हणजे टूल कापत नाही, घासतंय. म्हणजे थांबायचं, टूल बदलायचं. पण बदलायचं म्हणजे पुन्हा त्याच पेटीत आंधळ्यासारखं चाचपायचं, नाहीतर केबिनपर्यंत जायचं. मामांनी केबिनच्या दिशेला मान वळवली. काचेची चौकट दिसली. मग त्यांनी मान पुन्हा मशीनकडे वळवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनच नग होते. दोन नग निघतील.

पहिला निघाला. त्याचा कीस बोटांना नेहमीपेक्षा बारीक लागला, केसांच्या गुंत्यासारखा. तरी मामांनी दुसरा नग चढवला.

ठिणगी त्यांना दिसलीच नाही. ते नेमके जिथे बघत होते तिथेच ती पडली.

त्यांना कळलं ते उजेडाने. डागाच्या चारी कडांनी पांढरा उजेड आत घुसला, भिंत पांढरी झाली, स्वतःचे हात पांढरे झाले. मशीनखालच्या ट्रेमधला कीस पेटला होता. रेडिओने किंकाळी फोडली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून मागे सरकला. शेडमधल्या सगळ्यांनीच तोंडं फिरवली, कारण त्या उजेडाकडे बघवत नाही. मामांच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर, किसाचा ड्रम उभा होता. पाऊण भरलेला, अर्धवट झाकलेला. तो पेटला असता तर ही शेड राहिली नसती, आणि वीस पावलांवरची काचेची केबिन तर नाहीच.

मामांच्या डोक्यात एवढी एकच गोष्ट होती. पोरगी केबिनमध्ये आहे.

हाताने टूल मागे घेतलं. हातानेच लाल बटण दाबलं. कोपराने ड्रमचं झाकण ढकललं, ते खणकन बसलं. मग ते गुडघ्यावर बसले, डावा हात मागे नेऊन पहिली बादली ओढली आणि फावडं घेतलं. बाकी सगळे त्या क्षणी मामांहून आंधळे झाले होते. मामांना आठ महिन्यांत डोळ्यांशिवाय काम करायची सवय लागली होती. कडेने बघायचं, हाताने ओळखायचं.

वाळू फेकायची नसते. फेकली की पेटता कीस उडतो आणि चारीकडे जातो. मामांनी कडेपासून वाळू सोडायला सुरुवात केली, हळूहळू, झोपलेल्या पोरावर पांघरूण ओढावं तशी. तोंड भाजत होतं. भुवयांचा जळका वास त्यांच्याच नाकात येत होता.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा." दारातून दारवानाचा आवाज आला. बिचारा इमानी माणूस. आग म्हटली की पाणी, एवढंच त्याला कुणीतरी शिकवलेलं. अंगणातला रबरी पाइप ओढत तो धावत येत होता, आणि अंगणातला नळ त्याने आधीच सोडला होता.

मामांना उठता येत नव्हतं. उठले असते तर अर्धी आग उघडी राहिली असती. "पाणी नको," ते ओरडले, पण त्यांचा आवाज रेडिओच्या बोंबेत बुडाला.

मग त्यांना कडेने निळा ॲप्रन दिसला. लेक केबिनमधून धावत आली होती. तिने दारवानाशी वाद घातला नाही. पाइप दोन्ही हातांनी दुमडला, जमिनीवर दाबला आणि दोन्ही पाय रोवून त्यावर उभी राहिली.

"अहो ताई, आग लागलीये."

"पाणी पडलं तर आपण कुणीच राहणार नाही. बाहेर जाऊन नळ बंद करा. आधी नळ."

पाइपच्या तोंडात उरलेलं पाणी गळत होतं. त्यातले दोन थेंब ट्रेच्या कडेला गेले. फट् आवाज झाला, दाण्याएवढा पांढरा निखारा उडाला आणि लेकीच्या बाहीवर बसला. तिने तो झटकला, पाय हलवले नाहीत. दारवानाने ते पाहिलं आणि नळाकडे पळाला.

दुसरी बादली. तिसरी. वाळूचा एकही खडा ओला नव्हता. पांढरा उजेड पिवळा झाला, मग वाळूच्या भेगांतून लाल दिसत राहिला, मग तेही गेलं. रेडिओ काठी घेऊन ढिगाजवळ आला.

"हात लावशील तर बघ," मामा म्हणाले. "आत जिवंत आहे अजून. तासभर कुणी फिरकायचं नाही इकडे."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. कुणी मामांच्या पाठीवर हात ठेवला, कुणी खुर्ची आणली. वाळूच्या वाळवणावर हसणारेच आता मामांच्या वाळूबद्दल एकमेकांना सांगत होते. लेक जवळ आली. तिची बाही जळली होती, खाली मनगटावर लाल फोड होता. मामांनी बोटाने तो चाचपला.

"दुखतं का?"

"तुमच्या भुवया गेल्या," ती म्हणाली, आणि दुसरीकडे बघायला लागली.

तासाभराने सुपरवायझर कागद घेऊन आले. त्यांनाही मामा मामाच होते, त्यांच्या हाताखालीच ते शिकले होते. "मामा, तुमच्यामुळे शेड वाचली. वर मी तसंच लिहिणार आहे," ते म्हणाले. "आता कारण शोधू." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर पार्टिशनच्या उघड्या दारावर थांबली. "ग्राइंडरवर कोण होतं?"

रेडिओ गप्प होता, आणि त्यातच सगळ्यांना उत्तर मिळालं.

"दार बंद ठेवायचा नियम तुला माहीत नव्हता?" सुपरवायझरांचा आवाज चढला. "स्टीलच्या ठिणग्या थेट किसाच्या ट्रेवर. माणसं मेली असती. मी कागदावर तुझं नाव लिहितोय, आणि पुढे नोकरीचं काय होईल ते मला विचारू नकोस."

"साहेब, मी घासलं त्याला अर्धा तास झाला होता," रेडिओ म्हणाला. "शपथ घेतो."

"अर्धा तास की पाच मिनिटं, कोण सांगणार?"

मामा सांगू शकले असते. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. गप्प बसलं की झालं. शेड वाचवणारा माणूस म्हणून तीन वर्षं मशीनवर काढता येतील, कुणी डोळ्यांकडे बघणारही नाही. लेक बाजूला उभी होती. सकाळी तीच म्हणाली होती, नाहीतर मी सांगते. आता ती सांगत नव्हती, थांबली होती. आणि मामांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पोरीची भीती वाटली.

"साहेब, त्याचं नाव खोडा," मामा म्हणाले. "ठिणगी माझ्या टूलची आहे."

"मामा, उगाच त्याला पाठीशी घालू नका."

"टूल मशीनवर आहे अजून. टोक भिंगाखाली बघा. टवका सापडेल. घासत होतं ते. शीळ घालत होतं, मला ऐकू आली होती. ऐकूनही मी आणखी एक नग चढवला."

सुपरवायझरांना हसू आवरेना. "तुम्ही? टवका असलेलं टूल? तीस वर्षांत तुम्हाला टवका दिसला नाही असं झालंय का कधी?"

"आठ महिन्यांपासून होतंय. आत्ता तुम्ही माझ्यासमोर उभे आहात ना? मला तुमचे दोन कान दिसताहेत, साहेब. मधे तोंड नाही."

सुपरवायझरांचं हसणं थांबलं. मग कागदावर पेन खरखरल्याचा आवाज आला, आधी खोडल्याचा, मग लिहिल्याचा.

"मशीनवरून उतरावं लागेल, मामा," ते शेवटी म्हणाले. "आजपासून. बाकीचं वर विचारून सांगतो."

"उतरलोच आहे."

"कालचे तीन नग ओतकामामुळे बाद नव्हते," लेक मध्येच म्हणाली. "मी खोटं लिहिलं होतं. तेही लिहून घ्या." सुपरवायझरांनी बापाकडून लेकीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि तेही लिहून घेतलं.

सगळे पांगले. रेडिओ मामांच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. मामांचा लेथ उद्यापासून त्याच्याकडे जाणार हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. त्याच्याइतकं जवळून तो लेथ दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता.

लेकीने ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि मामांच्या मांडीवर एक पुडी ठेवली. कागदात गुंडाळलेली, जड. मामांनी ती हाताने ओळखली. वरूनच बोटांनी मोजली. सात होती.

"ही कधी बघितलीस?"

"सकाळी. भोंग्याआधी. रोजच्यासारखी." तिने नाक पुसलं. "खिशातच होती. म्हटलं, एकदा मागितलीत तर देईन. एकदा जरी मागितली असती ना, बाबा."

"दोनदा आलो होतो दारापर्यंत."

"माहीत आहे. दोन्ही वेळा मी बघत होते."

मामांनी कागद उघडला. एक टूल काढून नखावर ओढलं. ते नखात बरोबर चावलं. मग त्यांनी पुडी पुन्हा जशीच्या तशी गुंडाळली आणि रेडिओचा हात शोधून त्यात दिली.

"ही लाव," ते म्हणाले. "सातही चांगली आहेत. हिने बघितली आहेत. आणि उद्यापासून मशीन चालू असताना तोंड बंद ठेव. तुझ्या मेहुण्याच्या मोटारसायकलपेक्षा शीळ ऐकायला शीक. कशी असते ते मी शेजारी बसून दाखवीन."

रेडिओने मान हलवली. ती मामांना दिसली नाही, म्हणून लेकीने सांगितलं, "हो म्हणतोय, बाबा." मग तिने त्यांचा दंड धरला, आणि दोघं अंगणात हात धुवायला गेली.